पायलट व्हायचंय? फी भरायच्या आधी मेडिकल करून घ्या

सोनोग्राफीच्या टेबलावर पोटाला थंडगार जेल लावून मी पडले होते. डॉक्टरांनी प्रोब डाव्या कुशीत एका जागी थांबवला, जरा फिरवला आणि परत त्याच जागी आणला. मग शेजारच्या लेखनिकाला म्हणाले, "पाच एमएम." मला विचारलं, "दर्द होता है कभी?" मी नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. माझ्या किडनीत मुतखडा आहे हे त्या सकाळपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

बाहेर बाकावर बाबा माझी फाईल मांडीवर घेऊन बसले होते. आमची तासगावला द्राक्षबाग आहे. त्या हंगामाच्या पैशांतून त्यांनी महिनाभर आधीच एका फ्लाइंग स्कूलची प्रवेशाची रक्कम भरून टाकली होती. मला तीन महिन्यांसाठी 'टेम्पररी अनफिट' ठरवलं, बॅच माझ्याविना सुरू झाली आणि ते पैसे सोडवायला आम्हाला आठ महिने खेटे घालावे लागले.

पुढे खडा पडला, मी फिट झाले आणि आज माझ्याकडे सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स आहे. पण ते आठ महिने आमच्या घराला फार जड गेले. म्हणून हा लेख. भारतात विमान उडवायला शिकायचं असेल तर मेडिकल कुठून सुरू करायचं, कुठे अडकायला होतं आणि काय बरोबर न्यायचं, हे सगळं क्रमाने सांगते. आईवडिलांनीही वाचावा, कारण पैसे बहुतेक वेळा त्यांचे असतात.

आधी एवढं समजून घ्या

आपल्याकडे लायसन्स देते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. मेडिकलचे निकषही तेच ठरवतात आणि अंतिम निकालही तेच देतात. डॉक्टर तपासतात आणि शिफारस करतात, सर्टिफिकेट मात्र डीजीसीएकडून येतं. त्या कागदाला सगळे 'सीए-३५' म्हणतात. हा शब्द पुढे तुमच्या कानावर इतक्या वेळा पडेल की आत्ताच लक्षात ठेवलेला बरा.

मेडिकलचे आपल्या कामाचे असे दोन वर्ग आहेत. क्लास टू हे स्टुडंट पायलट लायसन्स आणि प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी लागतं. क्लास वन हे कमर्शियलसाठी, म्हणजे ज्यावर पुढे नोकरी मिळते त्या लायसन्ससाठी. (क्लास थ्री एअर ट्रॅफिक कंट्रोलरांचं, ते इथे सोडून देते.) स्टुडंट पायलट लायसन्ससाठी वय १६ पूर्ण लागतं, प्रायव्हेटला १७ आणि कमर्शियलला १८.

इथेच बरेच जण फसतात. क्लास टूवर प्रशिक्षण सुरू होतं, म्हणून "क्लास वन नंतर बघू" असं सांगणारे भेटतात. सोलो उड्डाणं होतात, तास भरत जातात, लाखो रुपये खर्च होतात, आणि मग क्लास वनमध्ये असं काही निघतं की कमर्शियल लायसन्स मिळणारच नाही. नोकरीसाठी उडायला शिकणार असाल तर क्लास वनचं सीए-३५ हातात आल्याशिवाय कुठल्याही स्कूलला मोठी रक्कम देऊ नका. बारामती असो, गोंदिया असो, धुळे असो की परदेश.

१. गावातच करून घ्यायच्या चार तपासण्या

डीजीसीएच्या वाटेला जायच्या आधी आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी या तपासण्या करून घ्या. त्यांना कसलीही सरकारी किंमत नाही, त्या फक्त तुमच्या माहितीसाठी आहेत.

पहिली रंगांची. नेत्रतज्ज्ञांकडे इशिहाराचं पुस्तक असतं. ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळात लपलेला आकडा ओळखायचा, दहा मिनिटांचं काम. ही सगळ्यात आधी करा, कारण रंगदोष जन्मजात असतो आणि त्यावर औषध नाही. आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी जास्त आढळतो, आणि ज्याला आहे त्याला बहुधा पत्ताच नसतो. सिग्नलचा लाल दिवा तो वरच्या जागेवरून ओळखत आलेला असतो. विमानात ही सोय नाही. रात्री समोरच्या विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा आणि उजव्यावर हिरवा, त्यावरून ते येतंय की जातंय हे कळतं. धावपट्टीशेजारच्या चार दिव्यांत दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतरण्याची उंची बरोबर आहे. रेडिओ बंद पडला तर टॉवर लाल-हिरव्या प्रकाशझोताने इशारे करतो. रंग ओळखता येणं म्हणून इतकं महत्त्वाचं. इशिहारात चुकलात तर लगेच सगळं संपत नाही, लँटर्नवरची, म्हणजे दिव्यांचे रंग ओळखायची पुढची चाचणी असते. पण ते आधी माहीत असलेलं बरं.

दुसरी पोटाची सोनोग्राफी. माझा खडा तासगावलाच दिसला असता तर बंगळूरची एक फेरी वाचली असती. मुतखडा, पित्ताशयातला खडा आणि वाढलेली यकृताची चरबी या तिन्ही गोष्टी बाहेरून अगदी ठणठणीत दिसणाऱ्या मुलांमध्येही निघतात.

तिसरी साधी रक्ततपासणी: हिमोग्लोबिन, साखर, लिपिड प्रोफाइल. मुलींनी हिमोग्लोबिनकडे नीट लक्ष द्या. कमी असेल तर ते वाढायला काही आठवडे लागतात, आणि तेवढे आठवडे हाताशी असावेत.

चौथी कानांची. मळ असेल तर काढून घ्या आणि पडद्याला भोक नाही ना ते बघून घ्या. लहानपणी कान वाहायचा असं आई सांगत असेल तर हे नक्कीच करा.

२. नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे

ही पायरी छोटी वाटते, पण महाराष्ट्रातली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव पहिलं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. कुठे 'राव' जोडलेलं, कुठे गळलेलं. कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त.

डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर नोंदणी करताना दहावीचा दाखला प्रमाण धरला जातो. त्यामुळे आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधार आणि पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, त्यानंतरच नोंदणी करा. एकदा चुकीचं नाव पोर्टलवर गेलं की ते मेडिकलमध्ये जातं, तिथून परीक्षेच्या नोंदीत आणि लायसन्समध्ये. मग दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. नेट कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा देऊ नका. पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हातात राहिला तर तुमची फाईलच त्याच्या हातात जाते.

३. क्लास टू

डीजीसीएने नेमलेल्या मेडिकल एक्झामिनरांची शहरवार यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. तुमच्या घरापासून जवळचे शोधा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही, ते कितीही मोठे असले तरी.

एक्झामिनरांना फोन करून आधी विचारा: कोणत्या तपासण्या, कुठून करायच्या, किती दिवसांच्या आत, आणि तुमची फी किती. साधारणपणे रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी), डोळ्यांच्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा रिपोर्ट हे सगळं असतं. काही एक्झामिनर हे एकाच छताखाली करून देतात, काही तुम्हाला चार ठिकाणी पाठवतात.

विचारल्याशिवाय आधीच रिपोर्ट काढून नेऊ नका. माझ्याबरोबरच्या एका मुलाने गावातून सगळे रिपोर्ट काढून आणले होते. त्यावर तज्ज्ञांची सही होती, पण नोंदणी क्रमांकाचा शिक्का नव्हता, आणि एका तपासणीचं नावच वेगळं होतं. सगळं पुन्हा करावं लागलं. प्रत्येक कागदावर तुमचं पूर्ण नाव, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे लॅबच्या काउंटरवर उभं राहूनच तपासा.

४. फॉर्ममध्ये खरं तेच लिहा

तपासणीच्या आधी तुम्हाला एक घोषणापत्र भरावं लागतं. दमा होता का, फिट आली होती का, बेशुद्ध पडलात का, ऑपरेशन झालंय का, मानसिक आजारावर औषध घेतलंय का, घरात कुणाला हृदयविकार आहे का, असे बरेच प्रश्न असतात. भरताना शेजारी बसलेला कुणीतरी हमखास सांगतो, "सगळीकडे 'नो' कर आणि सोड."

त्याचं ऐकू नका. बंगळूरला आमच्या लॉजवर एक मुलगा होता, फार हुशार आणि मनाने चांगला. लहानपणी त्याला दमा होता आणि नवव्या वर्षापर्यंत इन्हेलर चालू होता. फॉर्ममध्ये त्याने लिहिलं नाही. तपासणीत छातीचा प्रश्न निघाला तेव्हा गोंधळून त्याने खरं सांगितलं, आणि मग डॉक्टरांना त्याच्या बाकीच्या उत्तरांवरही शंका यायला लागली. मूळात दमा होता म्हणजे आपोआप बाद, असं नाहीच. त्रासदायक लक्षणं आहेत का, अचानक झटका येऊ शकतो का, हे बघतात. बालपणीच्या डॉक्टरांचं पत्र आणि श्वासाच्या क्षमतेचा चांगला रिपोर्ट बरोबर असता तर त्याचं काम खूप सोपं झालं असतं.

लपवलेली गोष्ट आज सुटली तरी दरवर्षीच्या मेडिकलमध्ये पुन्हा समोर येऊ शकते, आणि खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर लायसन्सवर कारवाई होते. आजार सांगितल्यावर वाट बहुधा लांबते. खोटं बोललात तर ती कायमची बंद होऊ शकते.

काही गोष्टी मात्र खरोखरच आडव्या येतात आणि त्या आधी कळाव्यात म्हणून सांगते: अपस्मार, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, गंभीर मानसिक आजार, दारू किंवा नशेचं व्यसन. यातलं काही असेल तर एक रुपयाही खर्च करण्याआधी एक्झामिनरांशी मोकळेपणाने बोला.

५. पीएमआर नंबरची वाट

क्लास टूची तपासणी झाली की एक्झामिनर रिपोर्ट पोर्टलवर पाठवतात. डीजीसीएचा मेडिकल विभाग तो तपासतो, तुमच्या नावाने मेडिकल फाईल उघडतो आणि तिचा नंबर देतो. त्याला पीएमआर नंबर म्हणतात. पुढे आयुष्यभर प्रत्येक मेडिकलला हाच नंबर लागतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि आईच्या मोबाईलमध्येही ठेवा.

या टप्प्याला वेळ लागतो. रोज पोर्टल उघडून बघा, कारण कधीकधी एखादा रिपोर्ट अपुरा म्हणून परत आलेला असतो आणि आपण मात्र 'प्रक्रिया चालू आहे' असं समजून बसलेलो असतो.

६. क्लास वनची तारीख आणि केंद्र

पहिलं क्लास वन कुठल्याही एक्झामिनरकडे होत नाही. ते ठरावीक केंद्रांवरच करावं लागतं. सगळ्यात जुनी वाट हवाई दलाच्या केंद्रांची: बंगळूरच्या विमानपुऱ्यातली इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधलं एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंट आणि आसामात जोरहाटचं केंद्र. बंगळूरची संस्था १९५७ पासून आहे आणि गगनयानाच्या अंतराळवीरांची निवड-तपासणीही तिथेच झाली. आत शिरताना मला त्याचंच अप्रूप वाटत होतं. मान्यताप्राप्त केंद्रांची यादी बदलत असते, म्हणून संकेतस्थळावरची ताजी यादीच बघा, सिनिअरने दोन वर्षांपूर्वी दिलेली नको.

तारीख मिळाली की एक दिवस आधी पोहोचा आणि परतीचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचं काढू नका. दोन-तीन दिवस हातात ठेवा. एखादी जादा तपासणी सांगितली, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) म्हणा किंवा डोळ्यांची पुन्हा तपासणी, तर ती तिथल्या तिथे करून घेता येते. रात्रभर बसमध्ये बसून थेट तपासणीला जाऊ नका. झोप नसेल तर रक्तदाब, नाडी, डोळे सगळ्यातच फरक पडतो.

७. आधीचे पंधरा दिवस

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या बऱ्याच आधी बंद करा. मऊ लेन्सला एक-दोन आठवडे, कडक लेन्सला त्याहून जास्त. लेन्समुळे बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नंबर चुकीचा निघतो. किती दिवस ते तुमच्या नेत्रतज्ज्ञांनाच विचारा.

तळकट, गोड कमी करा. आमच्याकडे लग्नसराई चालू होती आणि मी दोन आठवडे पंगतीला बसलेच नाही. पाणी भरपूर प्या. जिममधली प्रोटीन पावडर आणि कसलीही ताकदीची औषधं थांबवा. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या चालू असतील तर तसं डॉक्टरांना सांगा, "ते काय औषध थोडंच" असं समजू नका. आदल्या दिवशी जोरात व्यायाम टाळा, त्याने लघवीचा रिपोर्ट बदलू शकतो. गणपतीची मिरवणूक, डीजे, हेडफोनवरची मोठ्याने गाणी यांपासून निदान दोन दिवस लांब राहा, नाहीतर ऑडिओमेट्रीत बारीक आवाज ऐकूच येणार नाहीत. सर्दी झालेली असेल तर शक्य असल्यास तारीख पुढे मागून घ्या.

रक्त उपाशीपोटी देतात. सकाळी फक्त पाणी. चहासुद्धा नाही.

मुलींसाठी एक: पाळीच्या दिवसांत लघवीच्या तपासणीत रक्त दिसतं आणि उगाच शंका निघते. तारीख तशी निवडा, आणि तरीही आली तर न लाजता आधीच सांगा. तिथल्या डॉक्टरांना यात काही नवीन नसतं.

८. आत काय काय होतं

*डोळे.* चष्मा असला म्हणजे पायलट होता येत नाही, हा समज अजून गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. चष्म्यासह किंवा चष्म्याविना प्रत्येक डोळ्याने ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसलं पाहिजे. शिवाय जवळचं वाचन आणि साधारण एक मीटरवरचं, म्हणजे कॉकपिटच्या पॅनेलच्या अंतरावरचं वाचन बघतात. चष्मा असेल तर दुसरा तसाच चष्मा जवळ ठेवावा लागतो, म्हणून जाताना दोन चष्मे न्या. लॅसिक झालेलं असेल तर ऑपरेशनच्या आधीचा नंबर आणि सगळे जुने कागद लागतात. ऑपरेशन करायच्या विचारात असाल तर मेडिकलच्या तोंडावर मुळीच करू नका.

*कान.* एका छोट्या, आवाज बंद केलेल्या खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि हातात एक बटण देतात. टूंऽऽ असा बारीक आवाज आला की दाबायचं. काही आवाज इतके हळू असतात की तो आपल्याच कानातला भास वाटतो. मला सुरुवातीला वाटलं, चुकून दाबलं तर? म्हणून मी थांबत होते. तपासणी घेणाऱ्या ताईंनी काचेतून खूण केली आणि आत येऊन सांगितलं, "शंका आली तरी दाब." ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त श्रवणदोष कुठल्याही एका कानात असता कामा नये. माणसाचं बोलणं याच पट्ट्यात असतं आणि इंजिनाच्या घरघरीत रेडिओवरचं बोलणं समजायला तेच लागतं.

मग नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हवा दाबायला सांगतात आणि डॉक्टर यंत्रातून कानाचा पडदा हलतो का ते बघतात. शिकाऊ विमानाच्या केबिनमधला दाब कृत्रिमरीत्या राखलेला नसतो. उतरताना कान मोकळे झाले नाहीत तर कळ इतकी येते की लक्ष धावपट्टीवर राहत नाही. घरी दोन-चार वेळा करून बघा, पण हळूच.

*हृदय आणि रक्तदाब.* ईसीजी काढतात. नियमित धावणाऱ्या मुलांची नाडी सावकाश असते, तसं असेल तर सांगा. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तर पुन्हा मोजतात. पहिल्यांदा माझाही वाढला होता, निव्वळ धास्तीने. दहा मिनिटं बसवलं, मग उतरला. लिफ्ट सोडून जिना चढून धापा टाकत त्या खोलीत शिरू नका.

*पोट आणि सर्वसाधारण तपासणी.* सोनोग्राफीचं वर सांगितलंच. शिवाय शल्यचिकित्सक हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध हेही तपासतात. कपडे काढून तपासणी होते, ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही आणि मुलं बावरतात. मुलींच्या तपासणीच्या वेळी महिला कर्मचारी हजर असावी असं मोकळेपणाने म्हणा.

९. निकाल

केंद्र शिफारस करून कागद डीजीसीएकडे पाठवतं आणि तिथून सीए-३५ निघतं. तीन शक्यता असतात.

फिट. काहींच्या कागदावर अट असते, उदाहरणार्थ चष्मा लावूनच उडायचं. ती अट वाचा आणि पाळा.

टेम्पररी अनफिट, बोलीभाषेत टीयू. हा शब्द ऐकला की पायाखालची जमीन सरकते, मी अनुभवलंय. पण टीयू म्हणजे नकार नव्हे, थांबा असा निरोप आहे. काय निघालं, किती काळ थांबायचं आणि परत येताना कोणते रिपोर्ट आणायचे, या तिन्हींची उत्तरं तिथून निघण्याआधी स्वच्छ लिहून घ्या. मला सांगितलं होतं: खडा गेल्याचा पुरावा आणि किडनीचं काम नीट चालल्याचे रिपोर्ट. मी सांगलीच्या यूरोलॉजिस्टना ती यादीच दाखवली आणि त्यांनी त्याप्रमाणेच पत्र लिहिलं. गावच्या डॉक्टरांचं नुसतं "पेशंट बरा आहे" असं पत्र पुरत नाही.

बाबांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं, "साहेब, एवढ्याशा खड्याने काय होतंय? तिला तर दुखतसुद्धा नाही." त्यांनी शांतपणे सांगितलं की आज दुखत नाही, पण खडा हलला की माणूस जमिनीवर लोळतो, आणि ती कळ तीन हजार फुटांवर एकटी असताना आली तर? जगभर या क्षेत्रात एक ठोकताळा वापरतात: एका वर्षात पायलट अचानक निकामी होण्याची शक्यता शंभरात एकाहून जास्त नसावी. त्यानंतर बाबांनी कुणापाशी तक्रार केली नाही. घरी आल्यावर माझ्या टेबलावर दोन लिटरची पाण्याची बाटली तेच रोज भरून ठेवायचे.

तिसरी शक्यता पर्मनंट अनफिट. यावर अपील करता येतं. त्याला मुदत असते, म्हणून कागद हाती आल्याच्या दिवसापासून हालचाल करा. त्या विषयातल्या तज्ज्ञाचं सविस्तर मत आणि नवे रिपोर्ट जोडा. "पायलट होणं माझं स्वप्न आहे" अशा पत्राने अपील जिंकत नाही, ते वैद्यकीय पुराव्यावर ठरतं. आणि खात्रीने फिट करून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला एक पैसाही देऊ नका.

१०. अमेरिकेत किंवा दुसरीकडे शिकणार असाल

तिथलं मेडिकल तिथल्या उड्डाणासाठी. परत येऊन लायसन्स भारतीय करायचं तर डीजीसीएचं क्लास वन लागतंच. फ्लोरिडात तास पूर्ण करून आलेल्या आणि इथे मेडिकलला अडकलेल्या मुलांचे पालक मी रडताना पाहिलेत. व्हिसाच्या आधी क्लास वन. परदेशातून सुट्टीवर आल्यावर नूतनीकरणाची तारीख जुळवा, म्हणजे मध्येच मुदत संपणार नाही.

११. फाईलमध्ये काय काय हवं

- दहावीची मार्कशीट आणि बोर्डाचं प्रमाणपत्र
- आधार आणि पासपोर्ट, मूळ प्रती
- पासपोर्ट आकाराचे फोटो, निदान दहा
- ईजीसीएच्या नोंदणीची आणि मेडिकलच्या तारखेची प्रिंट
- क्लास टूचं सीए-३५ आणि पीएमआर नंबर
- क्लास टूच्या वेळचे सगळे रिपोर्ट, एक्स-रे फिल्म आणि ईसीजीच्या पट्टीसह
- चष्म्याचा ताजा नंबर आणि दोन चष्मे
- ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड
- जुन्या आजाराचे कागद, अगदी लहानपणचेही
- प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्कॅन

ईसीजीच्या कागदाची मूळ पट्टी काही महिन्यांत पुसट होते. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवा. पुढे कधी ईसीजीत बदल वाटला तर जुन्याशी ताडून बघतात, आणि जुना तसाच असेल तर बरेचदा तिथेच विषय मिटतो.

१२. मुदत सांभाळा

क्लास वन साधारण १२ महिन्यांचं असतं. संपलं की उडता येत नाही, आणि प्रशिक्षणात तर एक आठवडा बुडाला तरी हवामान हातचं निघून जातं. मी सीए-३५ आलं त्याच दिवशी कॅलेंडरवर दोन खुणा करते, एक मुदत संपण्याच्या तारखेला आणि एक त्याच्या दोन महिने आधी. आधीच्या खुणेला सोनोग्राफी करून घेते. तासगावच्या त्याच केंद्रात, जिथे मी पहिल्यांदा जायला हवं होतं.

मधल्या काळात आजारी पडलात, ऑपरेशन झालं, नवीन गोळ्या सुरू झाल्या तर हातात चालू मुदतीचं सर्टिफिकेट असूनही उडू नका. आधी एक्झामिनरांना विचारा. सर्दीच्या साध्या गोळीनेही गुंगी येते. आणि उड्डाणाच्या आधीच्या १२ तासांत दारू पिण्याला नियमानेच मनाई आहे.